क्रमांक चौदाचं हसू

क्रमांक सातवर मी लाल रेघ मारली, तेव्हा मुलगी माझ्या मागे येऊन उभी आहे हे मला कळलं नव्हतं.

"हे का काढलंत?" तिने विचारलं.

"उगाच आहे ते."

तिने कागद उचलून वाचला. "'गायिका : अहो, ऐकता का, जरा पंखा बंद करा ना.' यात उगाच काय आहे?"

"अहो कोणाला म्हणतेय बघ."

"बाबा, आई दूधवाल्यालाही अहो म्हणायची."

"दूधवाल्याबरोबरची रेकॉर्ड निघत नाहीये."

मुलगी हसली नाही. कागद टेबलावर ठेवून ती समोरच्या खुर्चीवर बसली. ती समोर बसली की समजायचं, आता आपली काही धडगत नाही. ही सवय तिच्या आईची.

तिच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिची बारा गाणी ज्या कंपनीने तीस वर्षांपूर्वी काढली होती, तीच कंपनी आता ती पुन्हा काढणार होती. आणि या खेपेला नुसती गाणी नाहीत. गाण्याच्या आधी, मध्ये, नंतर टेपवर जे काही राहून गेलं होतं, तेही जसंच्या तसं ठेवणार होते. घसा खाकरणं, खुर्चीची करकर, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज, चुकल्यावर तिने स्वतःलाच दिलेला दम. हल्लीच्या लोकांना म्हणे तेच जास्त आवडतं. त्या काळी हे सगळं कापून टाकण्यासाठी एका माणसाला पगार मिळत होता. आता तेच परत घालण्यासाठी कंपनीने त्याच माणसाला घरून बोलावून आणलं होतं.

हा माणूस म्हणजे तिचा ध्वनिमुद्रक. मी मनातल्या मनात त्याला बटणवाला म्हणतो.

वारस म्हणून माझी सही हवी होती. सोबत एकोणीस जागांची टाइप केलेली यादी आली होती. ज्या जागा नको असतील त्या खोडा, असं अगदी अदबीने लिहिलं होतं. मला त्या अदबीची गरज नव्हती. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. जमिनीखालचा जो नळ ठेवायचा तो निळा, जो काढायचा तो लाल. एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल तेव्हापासून माझ्या खिशात असते. लाल झालेला नळ पुन्हा ठेवायचा ठरला तर खोडरबर वापरायचं नाही. रेघेवर निळी खूण करायची आणि शेजारी सही करायची. चूक झाली होती हे नकाशावर दिसलं पाहिजे, असा आमच्या साहेबांचा दंडक होता.

एकोणीसपैकी अकरा जागा मी लाल केल्या होत्या. उरलेल्या आठांत बोलणं नव्हतं, नुसते आवाज होते. खुर्चीचा मला राग नाही.

"आणि हे चौदा नंबर? याच्यावर दोन रेघा?" मुलीने विचारलं.

चौदा नंबर मला पाठ झाला होता. 'गायिका हसते. गायिका : झालं, आता काही होत नाही माझ्याकडून. ध्वनिमुद्रक : मग उद्या? गायिका : उद्या.' एवढंच. पण ते हसणं कंसात नव्हतं, वाक्यासारखं लिहिलं होतं. टाइप करणाऱ्याला ते नुसत्या आवाजांत घालावंसं वाटलं नसावं.

"काय उद्या?" मी म्हणालो. "उद्या काय?"

"रेकॉर्डिंग असेल, बाबा. दुसरं काय असणार?"

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मुलीला हे सांगायचं म्हणजे लाजच. पण खरं सांगतो, तो कागद आल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मला गाण्यातलं कळत नाही. सूर लागला की नाही, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचो. आणि स्टुडिओत तिचा चेहरा मला दिसत नसे, त्याला दिसे. ती गायची ते सगळ्या जगाला ऐकू जाई. पण गाण्याआधी ती जो श्वास घ्यायची, तो फक्त त्याच्या हेडफोनमध्ये जाई आणि बटणवाला तो मागाहून कापून टाकी. एवढ्या जवळून मी तिला कधी ऐकलं नाही. घरात आमचं बोलणं गॅस संपला, बिल भरलं, मुलीला ताप आहे, असं कामापुरतं. वाईट नव्हतं, पण कामापुरतं.

एकदाच मी तिसऱ्या मजल्यावर, स्टुडिओच्या दारापर्यंत गेलो होतो. दाराला चौकोनी काच होती. आत ती काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत होता, पण आवाज बाहेर येत नव्हता. माणसांचं बिनआवाजाचं बोलणं बघू नये. जे ऐकू येत नाही ते आपण आपल्या मनाने भरत बसतो, आणि माझं मन त्या बाबतीत फार उदार होतं. त्यानंतर मी वर गेलो नाही. ऑफिस सुटलं की साडेपाचला स्कूटर घेऊन खाली उभा राहायचो आणि बरोबर सहाला हॉर्न वाजवायचो. दोनदा, आखूड. वर दोघांनाही कळलं पाहिजे की खाली कोणीतरी आहे.

ती खाली यायची, मागे बसायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "किती वाजवता हॉर्न? वर लोक काम करतात." मी स्कूटर चालू करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायचो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ऐकल्याशिवाय खोडू नका. जागेवर न जाता तुम्ही कधी नळ बंद केलाय का?"

"केलाय एकदा."

"मग?"

"दोन दिवस एका गल्लीला पाणी नव्हतं."

"मग उद्या चार वाजता मी तुम्हाला स्टुडिओवर सोडते," असं म्हणून ती उठली.

न ऐकण्याचं खरं कारण वेगळंच होतं. बायको गेल्यापासून मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. रेडिओवर लागली तरी मी उठून बंद करायचो. पण ते मुलीला ठाऊक असावं, कारण दुसऱ्या दिवशी इमारतीच्या दाराशी मला सोडताना ती म्हणाली, "नाही जमलं तर फोन करा, लगेच येते," आणि आपल्या कामाला निघून गेली.

तीन मजले चढताना गुडघ्यांनी मला चार वेळा थांबवलं. वर काहीच फारसं बदललं नव्हतं. तीच चौकोनी काच, भिंतीला तेच भोकांचे जाड पुठ्ठे, आता पिवळे पडलेले. बटणवाला मात्र फारच म्हातारा झाला होता. उजव्या कानात त्याने ऐकायचं यंत्र घातलं होतं. ते बघून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

"या," तो म्हणाला. "तुम्ही कधी वर आलाच नाहीत."

"खाली बरं होतं."

"हो, ते ऐकू यायचं," तो म्हणाला आणि माझ्या हातातला कागद बघू लागला. लाल रेघांवरून त्याचं बोट सावकाश खाली गेलं. "आधी ऐकू या," एवढंच म्हणाला.

त्याने टेप लावली. आधी नुसती खरखर आली, मग कोणीतरी पेला ठेवला, आणि मग ती खोकली.

मी खुर्चीचा हात धरला. तो खोकला मी कुठेही ओळखला असता. थंडीच्या दिवसांत सकाळी बाथरूममधून यायचा, आणि मी पेपर वाचता वाचता म्हणायचो, औषध घे. इथे तो तसाच होता. औषध घे असं माझ्या तोंडावर आलं, आणि मी ते गिळलं.

मग बोलणं सुरू झालं. ती म्हणाली, "आज माझं डोकं ठिकाणावर नाही." आणि तीस वर्षांपूर्वीचा बटणवाला म्हणाला, "मग कुठे ठेवलंय?" ती हसली. छोटंसंच, नाकातून. मी चोरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तिचं वाक्य टेपवर येण्याआधी त्याच्या ओठांवर येत होतं.

"पाठ आहे वाटतं?" मी विचारलं.

"सगळंच. कापलं तरी फेकलं नाही मी काही."

या माणसाला तिची अकरा ठिकाणची बोलणी पाठ होती. मला तिचं एक वाक्य शब्दशः आठवत होतं, आणि ते हॉर्नबद्दल होतं. मी पेन्सिल काढली आणि उरलेल्या आठ जागांकडे बघू लागलो. त्या घटकेला मी खुर्चीची करकरही खोडली असती.

"चौदा लावा," मी म्हणालो.

"मधलं राहिलंय."

"चौदा लावा."

त्याने टेप पुढे नेली. गाणं शेवटच्या कडव्यात होतं. ती वरच्या सुरावर गेली होती आणि, मला कळतं तेवढं सांगतो, छान गेली होती. एक ओळ झाली, दुसरी अर्धी झाली आणि कुठून तरी लांबून, खालून, हॉर्न वाजला. दोनदा, आखूड.

गाणं तुटलं, आणि ती हसली.

हे नाकातलं हसू नव्हतं. शाळा सुटल्यावर पोरी हसतात तसं, आधी दाबलेलं आणि मग दाबता न आलेलं. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसू आवरत ती म्हणाली, "झालं, आता काही होत नाही माझ्याकडून." बटणवाल्याचा आवाज चांगलाच वैतागलेला होता. "मग उद्या?" "उद्या," ती म्हणाली. चपला शोधण्याचा आवाज आला, घाईघाईची पावलं, मग दार. मग खरखर.

त्याने टेप थांबवली.

"कागदावर हॉर्न नव्हता," मी म्हणालो.

"यादी करणाऱ्या मुलीला तो रस्त्यावरचा आवाज वाटला. तिला काय माहीत." त्याने चष्मा काढून पुसला. "तुमच्या त्या हॉर्नने माझे किती टेक गेले, हिशोब नाही."

"एवढी काच, पुठ्ठे. आत कसा आला?"

"खिडकी उघडी होती ना." त्याने मागच्या भिंतीतल्या लहानशा खिडकीकडे बोट केलं. "दिवसभर बंद असायची. सहाला पाच-दहा मिनिटं राहिली की बाईंचं सुरू व्हायचं, गुदमरतंय, खिडकी उघडा. मी म्हणायचो, बाई, टेक खराब होईल. होऊ दे म्हणायच्या, उघडा. नियमाने. मला समजायला दोन वर्षं लागली."

मी खिडकीकडे पाहत राहिलो. खाली आम्ही उभे असायचो, मी आणि माझी स्कूटर, आणि मी वर बघत मनात नाही नाही ते भरत असायचो.

"मला म्हणायची, किती वाजवता हॉर्न," मी म्हणालो.

"त्या बऱ्याच गोष्टी म्हणायच्या," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "मला तुमचा फार राग यायचा."

"टेक जायचे म्हणून."

"टेक जायचे म्हणून," तो म्हणाला. टेपच्या यंत्राची एक कळ त्याने उगाचच पुसली. "तेवढ्यासाठीच असं नाही."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. तीस वर्षं हा माणूस काचेपलीकडे बसून माझ्यावर जळत होता आणि मी रस्त्यावर उभा राहून त्याच्यावर. दोघांना मिळून एक गोष्ट ठाऊक असती तर किती जळणं वाचलं असतं. पण त्याला ती ठाऊक होती. नव्हती ती मलाच.

मी कागद मांडीवर घेतला, पेन्सिल उलटी केली आणि निळ्या खुणा करू लागलो. सात नंबर, त्यातल्या 'अहो'सकट. नऊ. डोकं ठिकाणावर नसण्याचा अकरा. अशा दहा जागा, दर खुणेशेजारी सही. तो वाकून बघत होता.

"चौदा राहिला," तो म्हणाला.

"राहू दे लाल. तो काढा."

त्याला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. पण आलं होतं.

"अहो, सगळ्यात चांगली जागा तीच आहे," तो म्हणाला. "लोक जीव टाकतील त्या हसण्यावर."

"म्हणूनच."

मी वारसाची शेवटची सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. बाकीच्या अठरा जागा जगाने ऐकाव्यात, हवं तर त्याच्या बोलण्यासकट. तेवढं त्याचं होतं. हे माझं होतं, आणि मला ते कोणाला वाटून द्यायचं नव्हतं. म्हातारपणी मन मोठं होतं म्हणतात. माझं झालेलं नाही.

"आणखी एकदा लावाल?" मी विचारलं. "मग कापा."

त्याने मान हलवली. टेप मागे नेली. कळ दाबण्याआधी त्याने उजव्या कानातलं यंत्र काढलं, माझ्या कागदावर अलगद ठेवलं आणि खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ केली. मग हात मागे आणून त्याने कळ दाबली, आणि टेप संपेपर्यंत तो खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बसला.