एकेचाळीस नंबरचं रोप

“मॅडम, हे एकेचाळीस नंबर मी नाय टाकणार हां,” शेवंतीने ट्रे छातीशी धरला.

अंधेरीच्या त्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं काचेची भांडी धूत होती, रोपांना पाणी घालत होती. गंधाली मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हिमाचलच्या डोंगरातून रानटी सफरचंदांच्या बिया मागवल्या होत्या. थंड खोलीत रोपं वाढवायची, त्यांच्यावर बुरशीचं पाणी फवारायचं आणि कोण टिकतं ते बघायचं. एखाद्या रानझाडाच्या अंगात उपजतच बुरशीला दाद न देण्याचा गुण असतो. तो सापडला, तर बागेतल्या सफरचंदांतही उतरवता येतो. तीन वर्षांत असं एकही रोप मिळालं नव्हतं. याही खेपेला पानं काळ्या डागांनी भरली, तेव्हा मॅडमनी नीट न बघताच सगळे ट्रे टाकायला सांगितले होते.

“शेवंतीताई, त्याच्यावर फवारा पडलाच नसेल हो.”

“कसा नाय पडणार? मीच मारला ना! पानं उलटी करकरून मारला.”

मॅडमनी भिंग लावलं. पान दोन्हीकडून स्वच्छ होतं.

“परत मारू. पण डाग आला तर?”

“तर मीच टाकीन.”

पुढचे पंधरा दिवस शेवंती दहिसरहून अर्धा तास आधी येऊ लागली. रविवारीही तिचं घरात लक्ष लागेना. नवरा, कुंडलिक, म्हणाला, “आपल्या पोराला, सुयोगला, गोवर आला तेव्हापण एवढी घाबरली नव्हतीस गं.”

सोळाव्या दिवशी मॅडम भिंग घेऊन वाकल्या. शेजारी तोच फवारा मारून मुद्दाम ठेवलेलं बागेतल्या जातीचं रोप काळं पडलं होतं. मॅडमनी एकेचाळीस नंबरचं एकेक पान उलटून पाहिलं.

“आला डाग?” शेवंतीने कसंबसं विचारलं.

“नाही गं! एकपण नाही!” अहोजाहो विसरून मॅडमनी तिला मिठीच मारली. “झकास, ताई, झकास!”

मग पानाची तपासणी झाली. गुण रोपाच्या अंगातलाच निघाला.

त्याला हिमाचलच्या बागेत न्यायचं ठरलं. मॅडमचा सहकारी हर्षद ते विमानाने नेणार होता. विमानतळापर्यंत त्याच्याबरोबर शेवंती रोपाचा खोका मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. गतिरोधक आला की ती खोका अलगद वर उचलून धरी.

“मावशी, कसलं झाड?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“सफरचंदाचं.”

“अंधेरीत सफरचंद? काय बोलता!”

“आता गावी चाललंय ते,” शेवंती ऐटीत म्हणाली.

विमानतळाच्या दाराशी पहारेकऱ्याने तिला अडवलं. तिकीट हर्षदचंच होतं. तिने खोका त्याच्या हातात दिला, एक दुमडलेलं पान बोटाने सरळ केलं.

“हर्षद, मी सफरचंदाचं झाड कधी बघितलंच नाय रे. मोठं झालं की केवढं होतं?”

हर्षदने खोका एका हाताने पोटाशी धरला आणि दुसरा हात टाचा उंचावून जमेल तेवढा वर नेला. शेवंतीने मान मागे टाकली आणि त्याच्या बोटांच्याही वर, रिकाम्या हवेत, ती हसत बघत राहिली.