सम्राटने सांगितलेला शेवट

मी आजवर एकही इंग्रजी पिक्चर बघितलेला नाही. तरी पंधरा-वीस पिक्चर मला तोंडपाठ आहेत. कुठल्या शहरावर आकाशातून धोंडा पडतो, कुठला म्हातारा पोलीस रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी गुंडांच्या मागे लागतो, कुणाची बायको विमानात अडकते, सगळं मी चपात्या लाटता लाटता ऐकलेलं आहे. आता त्यातलं काहीही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सांगणारा सम्राट. दौंड तालुक्यातल्या राहू गावचा पोरगा, वय तेवीस. दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला मी पुण्याजवळ सणसवाडीत आमच्या भाड्याच्या खोलीत दहा पोरांची मेस चालवत होते, त्या दहांतला तो एक. दहाही पोरं तिथल्याच एका कंपनीत, एकाच खात्यात. माझा नवरा नागसेनही तिथेच पत्रा दाबायच्या मशीनवर, म्हणजे पॉवर प्रेसवर होता, चार वर्षांपासून पर्मनंट. (मी नवऱ्याला नावानेच हाक मारते. गावाकडे, निमोण्याला, सासूबाईंच्या ते अजून पचनी पडलेलं नाही.) सम्राट नागसेनच्या शेजारच्याच मशीनवर, पण टेम्पररी. सात महिने भरले की ब्रेक, मग पुन्हा साहेबांच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं.

सम्राटला इंग्रजी पिक्चरचं भारी वेड. हिंदीत बोलणारे इंग्रजी पिक्चर तेव्हा नवे नवे लागायचे. तो सुट्टीला, नाहीतर सेकंड शिफ्ट असली की सकाळच्या खेळाला, सहा आसनी रिक्षाला लोंबकळून पुण्याला जायचा आणि आला की जेवताना सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, खोलीभर नाचायचा. माझी परात म्हणजे जहाज, पाण्याचा पिंप म्हणजे बर्फाचा डोंगर, आणि बुटका पृथ्वीराज कायम खलनायक. पोरांचे घास हातातच राहायचे. भात गार व्हायचा, तरी मी कुणाला ओरडत नसे, कारण मीही तवा उतरवून ऐकत बसायचे. खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढाच एक तास बरा जायचा.

एकदा मी त्याला विचारलं, "सम्राट, तुझ्या पिक्चरात पयला मरतो त्यो कायम काळा माणूस, न्हाईतर जेवण करणाराच का रं असतो?"

पोरं खो खो हसली. तो म्हणाला, "वहिनी, तिकडंबी असंच हाय."

मला हसू आलं नव्हतं. आचारी मरतो, पाच मिनिटांत सगळे त्याला विसरतात, आणि पुढे उरलेल्यांना जेवायला कोण घालतं ते कुठलाच पिक्चर सांगत नाही.

पण एक पिक्चर वेगळा होता. डिसेंबरात सांगितला त्याने. अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगरात कोळशाची खाण असते. छत कोसळून सहा मजूर मरतात. मालक म्हणतो, मेलेल्यांनीच छताचे लाकडी टेकू काढून शेकोटी पेटवली, चूक त्यांची. खरं म्हणजे टेकू मुकादमाने काढायला लावलेले असतात. ते बघितलेलं असतं एकट्या कारकुनाने, जो मजुरांना दिवे वाटतो. भित्रा माणूस. बायकोला मोठ्याने हाक मारायलाही घाबरतो. आणि मग कोर्ट.

त्या दिवशी सम्राट नाचला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि बारीक आवाजात बोलायला लागला. कारकून पिंजऱ्यात उभा राहतो. मालक समोर बसून टक लावून बघतोय. वकील विचारतो, तुला नोकरीची काळजी नाही का? कारकून म्हणतो, "नोकरी गेली तर दुसरी मिळंल, साहेब. पर मेलेल्यांच्या त्या सहा बाया पाण्याला चालल्यात आन् मी वाटंत आडवा आलो, तर मी बघू कुठं?" आणि सगळं सांगून टाकतो. एक शब्द गाळत नाही. नोकरी जाते, पण त्या बाया त्याला दारापर्यंत पोचवायला येतात.

पोरांनी डोळे पुसले. नागसेन, जो कधी काही बोलत नाही, तो म्हणाला, "माणूस असावा तर असा." मी त्या दिवशी सम्राटला मागितलं नसताना तूप वाढलं.

फेब्रुवारीत नागसेनची बोटं गेली.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण पुढे कंपनीने त्याचा पार चोथा केला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय मशीन खाली येत नाही. हात बाहेर राहावेत म्हणून ती सोय. पण तसं काम केलं तर टार्गेट निघत नाही. म्हणून पोरं एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधून टाकतात. मग एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने राहिलेलं बटण दाबायचं. पट्ट्या कोण देत होतं? सुपरवायझर मारुतराव. घरून ट्यूब कापून आणायचे आणि सोमवारी तंबाखूची चिमूट द्यावी तशी एकेकाच्या हातावर ठेवायचे. तपासणीला कोणी आलं की शिट्टी मारायचे, की पट्ट्या पोरांच्या खिशात. बांधायचं नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी झाडू मारायला लावायचे. नागसेनने सुरुवातीला आठ दिवस झाडू मारला होता. मग त्यानेही बांधली.

उजव्या हाताची तीन बोटं. सम्राटनेच हात रुमालात गुंडाळून त्याला टेम्पोत घातलं. दवाखान्यात माझ्यासमोर ढसाढसा रडला तो. म्हणाला, "वहिनी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सकाळी पट्टी ढिली झालती तर मारुतरावांनीच नवी दिली, आवळून बांध म्हणले. मी सांगणार. कुणी इचारू द्या न्हाईतर नगं, मी सांगणार."

टाके निघायच्या आत कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, नागसेनने सुरक्षेचं साधन हेतुपुरस्सर निकामी करून स्वतःस व कंपनीस इजा पोचवली. कंपनीस इजा! कंपनीची किती बोटं गेली ते लिहिलेलं नव्हतं. चौकशी लावली होती. आरोप शाबीत झाला तर नोकरी संपली. पट्टी वरून मिळत होती हे एका माणसाने जरी सांगितलं असतं, तर त्यांना त्याला हलकं काम देऊन ठेवून घ्यावं लागलं असतं. एकच माणूस हवा होता. सात बोटांच्या माणसाला बाहेर कोण कामावर घेतो?

मी बाकीच्या नऊ पोरांनाही विचारलं. माझ्या हातचं खाणाऱ्या पोरांना मी हात जोडले. कुणाच्या घरी बहिणीचं लग्न निघालं, कुणाला नेमकं त्या दिवशी गावाला जायचं होतं. पृथ्वीराज म्हणाला, "चुलत्यानं शब्द टाकून चिकटवलंय मला, वहिनी. त्यांचं नाव खराब हुईल." ताटात मान घालून म्हणाला. मी म्हटलं, असू दे. माझा सम्राट आहे.

चौकशी मुद्दाम सुट्टीच्या दिवशी ठेवली, खात्यातल्या कोणाच्या नजरेस पडायला नको म्हणून. नागसेन आणि सम्राट सकाळीच गेले, तेव्हापासून मी दारात. साडेबाराला सम्राट एकटाच येताना दिसला. नागसेनला कागदांवर सह्या करायला थांबवून घेतलं होतं.

"काय झालं रं?" मी रस्त्यातच विचारलं.

तो आत आला. पाणी प्यायला. मग सांगायला लागला. "चौकशीवाल्या साहेबानं चष्मा काढून ठिवला, वहिनी. एका अंगाला मारुतराव, दुसऱ्या अंगाला मॅनेजर. मला म्हणले, पट्टी कुणी दिली? मी म्हणलं, ह्यांनी. बोट दावलं मारुतरावांकडं. म्हणले, पुरावा? मी खिशातली माझी पट्टी काढली आन् आपटली टेबलावर. म्हणलं, ही बी ह्यांनीच दिली, सोमवारी. समदं हापिस गप. मारुतरावांच्या तोंडचं पाणी पळालं."

मी रडले. त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग काय करू आणि काय नको असं झालं. रवा भाजायला घेतला, होतं नव्हतं ते तूप त्यात ओतलं आणि शिरा केला. तो पाटावर बसून खात होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या पाठच्या भावाकडे मी कधी इतक्या मायेने बघितलं नाही.

नागसेन आला. डाव्या हाताने चपलेचा बंद सोडवत दारातच थांबला. "कशाचा शिरा?"

"सम्राटनं सांगितलं मला समदं."

"काय सांगितलं?"

मी सांगायला लागले, मारुतराव, पट्टी, टेबल. नागसेन माझ्याकडे बघत नव्हता. सम्राटकडे बघत होता. सम्राटचा हात वाटीतच थांबला.

नागसेन म्हणाला, "ह्यो म्हणाला, मी मशीनवर नव्हतो. पाणी प्यायला गेलतो. आलो तवा ह्येचा हात गेलेला. पट्टीचं मला काय ठावं न्हाई. आन् खाली सही केली."

मी सम्राटच्या हातातली वाटी हिसकली. शिरा सांडला सगळीकडे. जे तोंडाला आलं ते बोलले, शिव्याही दिल्या, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. "तिथं घाबरलास, त्ये समजतं मला," मी म्हणाले, "पर हितं येऊन मला कशापायी फसवलंस? माझ्या हातचा शिरा खाल्लास की रं!"

"तुमी दारात हुता, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं त्वांड बघून खरं निघंना. मग सुरू झालो आन् थांबताच येईना."

तेवढ्यात बाकीची पोरं जेवायला आली. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात असणार. ती दारातच उभी राहिली, पुढे पृथ्वीराज.

सम्राट म्हणाला, "एप्रिलात पर्मनंट करतो म्हणलेत. चार ब्रेक झाल्यात माझं. पिक्चरमधल्या माणसाचं येगळं असतं, वहिनी."

"कसं येगळं? त्या कारकुनाचीबी नोकरी गेलीच की! तूच रडवलंस आमाला."

त्याने सांडलेला शिरा हाताने गोळा केला. मग हळूच म्हणाला, "त्यो पिक्चर मी निम्माच बघितला. सेकंड शिफ्ट हुती, इंटरव्हललाच निघालो. म्होरं काय झालं मला ठावं न्हाई. कोर्टाचं समदं मी घातलं."

तोवर मला राग होता तो भित्र्या पोराचा. मनात कुठेतरी म्हणतही होते, असली धीट माणसं तिकडे पिक्चरमध्ये होतात, हे गरिबाचं लेकरू, ह्याला किती बोलायचं. पण तो कारकून अमेरिकेतला नव्हताच. तो राहूचा होता. साक्षीला उभं राहिल्यावर काय बोलायचं, मालकाच्या नजरेला नजर कशी द्यायची, त्या बायांना काय वाटेल, हे ह्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्याच्या स्वतःच्या पोटातून आलं होतं. बरोबर काय ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तरी त्याने खाली सही केली. हे मी कसं माफ करू? भीती मलाही वाटते. पण माहीत असून गिळून टाकायचं आणि वर त्याची गोष्ट करून लोकांना रडवायचं, ह्याला काय म्हणायचं?

"मग आता सांग," मी म्हणाले. "हितं कुणी साहेब न्हाई. ह्या पोरांसमोर सांग. पट्टी कुणी दिली?"

सम्राटने दाराकडे बघितलं. नऊ जण उभे होते, आणि नवांच्याही खिशात पट्टी होती. सम्राट उठला आणि चपला हातात घेऊन त्यांच्यामधून निघून गेला. पोरांनी त्याला वाट करून दिली. मग आत येऊन ती ओळीने बसली, आणि मी वाढलं. न वाढून कुणाला सांगते? आता घर त्या मेसवरच चालणार होतं.

मार्चअखेर नागसेनला काढल्याचं पत्र आलं. साक्षीदाराच्या जबानीवरून आरोप शाबीत, असं त्यात होतं. एप्रिलमध्ये सम्राट पर्मनंट झाला. मारुतरावांनी त्याला नागसेनच्याच मशीनवर टाकलं. तो दुसरीकडे जेवायला लागला. पोरांनी सांगितलं, पहिल्याच दिवशी बटण बांधलं त्याने, टार्गेटच्या वर माल काढतो.

मी पृथ्वीराजला म्हणाले, "माझा निरोप सांग त्याला. म्हणावं, हात जप. तुझी बोटं जातील तवा शेजारचा पाणी प्यायला गेलेला असंल."

सम्राटच्या शेजारच्या मशीनवर आता पृथ्वीराजच होता. त्याने भाकरी मोडली आणि मान खाली घालून जेवत राहिला.