धाकट्याची रिकामी खाट

महिनाभर धाकट्याचा फोन लागेना, म्हणून ताई न कळवता तो शिकायला गेला होता त्या उत्तरेकडच्या शहरात येऊन थडकली. बघते तो काय, धाकटा खोली सोडून कधीच गेला होता. कुठे, हे त्याच्यासोबत राहणाऱ्या तिघा स्थानिक विद्यार्थ्यांनाही ठाऊक नव्हतं. "एवढ्या लांब आलात, तर चार दिवस राहा," म्हणत त्यांनी त्याचीच रिकामी खाट तिला दिली.

पोरं कॉलेजला गेली की ती स्वेटर चढवून निघे. दाट धुक्यामुळे दुपारी चारलाच रस्त्यावर दिवे लागत. नदीवरचा पूल, कापडाची गिरणी, वाचनालयाच्या पायऱ्या. धाकटा इथून चालला असेल, म्हणून ती सगळं पालथं घाली. दिवसभर तोंड उघडायची वेळ येत नसे.

तिसऱ्या दिवशी एका सलूनवाल्यानं दारातून तिला हाक मारली. "तुम्ही त्या समोरच्या खोलीवरच्या पोराच्या कोण? नाक अगदी तेच!"

"मोठी बहीण."

तो चपापला. "मला तर म्हणाला होता, घरी कुणीच नाही."

आईच्या माघारी त्याचं सगळं ताईनंच केलं होतं. त्याला बोलू मात्र कधी दिलं नव्हतं.

"कसा होता?" एवढंच तिनं विचारलं.

"गप्प. पण दाढी झाली तरी बसून राहायचा. मीही उठ म्हणत नसे."

त्यानं खुर्चीवरचे केस झटकले. ताई बसली. त्या गारठ्यात परत निघावंसं वाटेना.