खाट खिडकीखाली

सकाळी सव्वासहाला, हद्दीवरच्या घरात, शिंप्याच्या बायकोला मुलगी झाली.

नव्या तहानंतर दोन देशांची हद्द या घराच्या मागच्या खोलीतून गेली. मोजणीवाल्यांनी फरशीवर पांढरा पट्टा मारला: दार अलीकडे, खिडकी पलीकडे. घरच्यांना खोलीत वावरायची मुभा होती. "झोपायचं इकडे, वारा खायचा तिकडे," असं शिंप्याची आई शेजारणींना सांगायची. मात्र जन्म ज्या जमिनीवर, तो देश, असा दोन्हीकडचा कायदा. म्हणून सुनेला सातवा लागताच तिने खाट दाराशी ओढून घेतली होती.

सुईणीची पद्धत वेगळी. बाळ ती दिव्याच्या भरवशावर घेत नाही, उजेडात घेते. आल्या आल्या तिने शिंप्याला हाताशी धरून खाट खिडकीखाली नेली. कळा चालू असताना पायाखाली कोण बघतं? रडणं ऐकून पलीकडच्या पहारेकऱ्याने खिडकीतून डोकावून विचारलं, काय झालं. बापाने आनंदाच्या भरात सांगून टाकलं. दुपारी तिकडून दावा आला: मुलगी आमची, परवान्याशिवाय पट्टा ओलांडायचा नाही.

नोंदणी अधिकारी आले तेव्हा सासू सुईणीच्या कानाशी लागली. "सांग ना, खाट दाराशीच होती म्हणून."

"सांगते की. पण त्या पहारेकऱ्याने डोळ्यांनी बघितलंय, आई. माझ्या तोंडाने खाट हलायची नाही."

"तेव्हा बरी हलली."

तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कावीळ आहे, आजच इस्पितळात दिव्याखाली ठेवा. इस्पितळ अलीकडे, दोन गल्ल्या सोडून. बापाने बाळ उचललं तर दारात आपलेच शिपाई उभे. मागे एका माणसाला असंच ओलांडू दिलं आणि गोळीबार झाला, ते म्हणाले. त्यात त्यांचा जोडीदार गेला होता. बोलताना ते बाळाकडे बघत नव्हते.

बाळंतीण अधिकाऱ्यांना एवढंच म्हणाली, "नऊ महिने इकडेच होती ना ती, साहेब?"

कायदा पहिला श्वास कुठे घेतला तेवढंच धरतो, हे साहेब आधीच सांगून चुकले होते.

परवान्याच्या अर्जाला तिकडून उत्तर आलं ते असं: मुलगी खिडकीतून आमच्या हाती द्या, आमच्या इस्पितळात नेतो. आईबापाला प्रवेश नाही.

आज संध्याकाळपर्यंत बाळंतिणीने हो की नाही सांगितलेलं नाही. बाळ दुपारपासून दूध ओढत नाही.