तरवडाची फांदी

सुकन्या जामखेडला ब्लाउज शिवायची. बाजारतळाच्या मागच्या गल्लीत तिचं मशीन होतं आणि लग्नसराईत तिच्या दारापुढं बायकांच्या चपलांचा ढीग पडायचा. रोज दुसऱ्या बायकांच्या छातीचं माप घेणारी ही बाई. स्वतःच्या डाव्या छातीत गाठ लागली, तेव्हा मात्र तिनं ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. सांगितली तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी तो स्तन पूर्ण काढून टाकला. मग केमो झाली, रेडिएशनचा शेक झाला, केस गेले आणि पुन्हा आले.

बरी झाल्यावर तिनं आपल्या सगळ्या ब्लाउजांना आतून डाव्या बाजूला कापसाची उशी शिवून घेतली. अंगावर कपडे असले की कुणाला काही कळत नसे. पण अंघोळीला बसलं की काखेपासून मधल्या हाडापर्यंत गेलेला तो आडवा व्रण दिसायचा, आणि तिला वाटायचं, कुणीतरी घाईत दोरा ओढून कापड चुरगळून ठेवलंय.

नवरा अजिनाथ टेम्पो चालवायचा. आजारपणात त्यानं काही कमी पडू दिलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला, घरी भाकरी थापायला शिकला. पण ऑपरेशन झाल्यापासून त्यानं तिच्याकडं धड पाहिलं नव्हतं. ती कपडे बदलायला लागली की तो बाहेर जाऊन टेम्पोची काच पुसत बसे.

पुढं एकदा तपासणीला गेली असताना ओळीत शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेशी तिची ओळख झाली. त्या बाईंचंही तेच ऑपरेशन झालेलं. बोलता बोलता त्या तिला आडोशाला घेऊन गेल्या आणि त्यांनी पदर बाजूला केला. व्रणाच्या जागी बारीक पानांची हिरवी वेल गोंदलेली होती. सुकन्या घरी आली तरी ती वेल तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

आपल्यालाही तसं गोंदून घ्यायचंय, असं तिनं अजिनाथला सांगितलं.

"तिथं कोन बघनार हाय?" त्यानं विचारलं.

"मी बघते की," ती म्हणाली. "रोज बघावं लागतं मला."

त्यावर त्यानं नाही म्हटलं नाही.

मुलगी ज्योती नगरला कॉलेजात होती. तिनं मोबाईलवर शोधून आधी तिथल्याच सावेडीतलं टॅटूचं एक दुकान काढलं. काचेचं दार, आत निळे दिवे, भिंतीवर वाघ आणि कवट्या. तिथला पोरगा अदबीनं बोलला, पडदा लावून करू म्हणाला, पण सुकन्या खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. त्या शिक्षिकेनं दिलेल्या पुण्याच्या नंबरावर फोन लावला तर तिथं कुणी उचलेना. जत्रेत गोंदण्याचं मशीन घेऊन बसणारी एक बाई ज्योतीच्या मैत्रिणीनं सुचवली. सुकन्या तिच्यापुढं थोडा वेळ उभी राहिली, एकच सुई तीन पोरींच्या हातावर फिरताना पाहिली आणि परत फिरली.

शेवटी नगरजवळच्या भिंगारची, गोंदणारी स्नेहल सापडली. जुन्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर तिची एक खोली होती. आधी पार्लर चालवलेली, तिशीतली, कमी बोलणारी बाई. सुकन्यानं भिंतीवरचे फोटो पाहिले नाहीत. स्नेहलनं सराव केलेले रबरी कातडीचे तुकडे तिनं मागून घेतले आणि खिडकीशी जाऊन बघत बसली. रेघ वळते तिथं हात अडखळलाय का, एवढंच तिला पाहायचं होतं. ब्लाउजच्या गळ्याची पट्टी शिवताना शिवणारीचा हात तिथंच कळतो. मग तिनं ब्लाउजाचे हूक काढले.

स्नेहलनं हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि व्रणावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली. कुठं बधिर आहे, कुठं दुखतं, ते विचारत गेली. डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर त्या जागेला पहिल्यांदाच कुणी हात लावत होतं. सुकन्याला रडू आलं. स्नेहलनं ते पाहिलं, पण हात काढून घेतला नाही.

शेकानं कातडी अजून लाल आणि ताठ आहे, आत्ता सुई लावता येणार नाही, असं स्नेहलनं स्पष्ट सांगितलं. तिथूनच तिनं सुकन्याच्या डॉक्टरांना फोन लावला. शेक संपून वर्ष होऊ द्या, मग हरकत नाही, असं ते म्हणाले. त्या हिशेबानं दिवाळीनंतरचा शनिवार ठरला.

ती वाट बघण्यात सुकन्याचा उन्हाळा आणि पावसाळा गेला. रोज रात्री ती व्रणाला खोबरेल चोळायची. कातडी हळूहळू सैल पडली. स्नेहल मोबाईलवर चित्रं पाठवायची: गुलाब, कमळ, फुलपाखरू. सुकन्याला एकही पटेना. गुलाब आपल्या दारात कधी फुलला नाही, तो अंगावर कशाला, असं तिनं ज्योतीला सांगितलं.

नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुलं आणायला ती माळावर गेली. पाऊस नीट झाला नव्हता. पिकं पिवळी पडली होती, आणि बांधावर तरवड मात्र फुललं होतं. कुणी न लावलेलं, शेरडंसुद्धा तोंड न लावणारं झुडूप. तिनं जवळ जाऊन फोटो काढले आणि स्नेहलला पाठवले. काही दिवसांनी चित्र आलं. काखेतून निघून व्रणाच्या कडेनं मधल्या हाडापर्यंत गेलेली फांदी, पिवळी फुलं, बारीक पानं. सुकन्यानं उलट निरोप पाठवला की चपट्या शेंगाही असू दे, त्याशिवाय तरवड ओळखू येत नाही.

दिवाळीच्या शिलाईत तिची पाठ दुखायला लागली. मशीनवर वाकून दुखत असेल, असं ती म्हणत राहिली. खोकलाही होता. पुन्हा दवाखान्यात फोटो निघाले, तपासणीसाठी पुन्हा सुई टोचली गेली. या वेळी कॅन्सर पाठीच्या हाडात आणि फुफ्फुसात होतं.

सोमवारपासून केमो सुरू करायची असं ठरलं. उठता उठता सुकन्यानं गोंदण्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले की आता ते विसरा, केमोत अंगात ताकद राहत नाही, छोटी जखमसुद्धा चिघळेल. तिनं आणि शेजारी बसलेल्या अजिनाथनं ऐकून घेतलं. स्नेहलला मात्र तिनं शनिवार रद्द करायला फोन केला नाही.

ठरलेल्या शनिवारी सकाळी ती नवी साडी नेसून टेम्पोत बसली. अजिनाथनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि गाडी चालू केली. भिंगारला तो खालीच थांबला.

वर स्नेहलनं विचारायचं ते विचारलं. ताप आहे का, कसली औषधं चालू आहेत का. सुकन्या नाही म्हणाली. खोकला आला तेव्हा हवा बदललीय म्हणाली. स्नेहलनं कागदावरची फांदी व्रणावर चिकटवली, ओल्या कापडानं दाबली आणि कागद अलगद ओढून घेतला. जांभळ्या रेघांची फांदी अंगावर उठली. सुकन्या आरशापुढं उभी राहून ती किती तरी वेळ बघत होती. मग येऊन पलंगावर आडवी झाली. पिवळा रंग छोट्या टोपणात ओतला गेला. मशीन घरघरलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अजिनाथ पडद्याच्या बाहेर येऊन थांबला.

"ताई, मशीन बंद करा," तो म्हणाला. "सोमवारी हिची केमो हाय. ते परत आलंय."

स्नेहलनं मशीन बंद केलं.

"तुमाला वर कुनी बोलावलं?" सुकन्यानं विचारलं.

स्नेहलनं हातमोजे काढले आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. "मला सांगायचं होतंत, ताई."

"सांगितलं असतं तर केलं असतंस का?"

"नसतं केलं."

एवढ्या दोन पाकळ्या तरी कर, असं सुकन्या हळू आवाजात म्हणाली. स्नेहलनं मान हलवून नकार दिला. केमो संपली की करू, असं ती म्हणाली. सुकन्यानं तारीख विचारली नाही आणि तिनंही दिली नाही.

परतीच्या वाटेवर आष्टीजवळ अजिनाथनं चहासाठी गाडी थांबवली, पण ती उतरली नाही म्हणून तोही उतरला नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"मला भ्या वाटलं," तो म्हणाला. "जखम चिघळून तू लवकर जाशील म्हनून."

"जानार तर हायेच मी," ती म्हणाली. "माझी आय म्हनायची, मेल्यावर सोनंनाणं काढून घेत्यात, गोंदन तेवढं संगं येतं. मला त्या वळासंगं जायचं नव्हतं."

अजिनाथ रडायला लागला. ती समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. तिला त्याचा राग होता आणि तो लवकर जाणार नव्हता.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला आणि पदर काढला. अजिनाथ दाराशी गेला, थांबला आणि आत येऊन तिच्यासमोर बसला. पहिल्यांदाच त्यानं नीट पाहिलं. काखेजवळचा ठसा घामानं फिसकटला होता.

"तरवड हाय व्हय," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

रविवारी तिनं छातीवर पाणी घेतलं नाही. सोमवारी केमोच्या आधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची होती, म्हणून नर्सनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मग दोन-तीन बोळे बदलून तिनं जागा स्वच्छ पुसली.

केमो शिमग्यापर्यंत चालली. मग आता औषधाचा उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनीच ती थांबवली आणि सुकन्याला घरी न्यायला सांगितलं.