काकांची निकड आणि दोन देश

माझ्या काकांना सीमेवर अटक झाली. तसं काही झालंच नाही असं काकूला सांगायचं ठरलंय, तेव्हा तुम्हीही तसंच धरून चाला.

रात्रीची गाडी सीमेवर थांबली आणि डब्यातल्या सेवकाने संडासाला कुलूप लावलं.

"अहो दादा, उघडा ना!" काका पाय आवळत म्हणाले.

"तपासणी झाल्यावर."

"ती कधी?"

"सगळे जागेवर बसले की."

"बसवत असतं तर तुमच्या पाया पडलो असतो का?"

शेवटी काका खाली उतरून दिसेल त्या खांबाआड उभे राहिले. तो नेमका सीमेचा खांब निघाला. दोन्हीकडचे शिपाई धावले, आरोपी कुणाचा यावर पहाटेपर्यंत भांडले आणि अखेर दोघांनी मिळून अटक केली.

सबब दोन्ही सरकारांस नम्र विनंती, की सीमा पुढील स्टेशनापर्यंत सरकवण्यात यावी. तिथे संडास आहे.