भुऱ्याचा पट्टा

"चावला का तो कोणाले? एकाचं त नाव सांगा ना, भैयाजी!"

अनुसयाबाई ग्रामसभेत ताडकन उभी राहिली आणि बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. चौदा वर्षं गावची नदीकाठची वाळू झाडणारी ही बाई सभेत पहिल्यांदा बोलत होती, आणि तेही कुत्र्यासाठी!

काठावर चहा-भज्यांचं दुकान चालवणारे भैयाजी थोडेच गप्प बसणार? "चावल्यावर ठराव करू का मंग? रविवारी वर्ध्याहून लोक लेकरं घेऊन येतात. तुह्या भुऱ्याले पाहून वापस जाऊन राह्यले."

"अन् थे आपले कुत्रे आणतात, थे चालते?"

"त्यायले पट्टा राह्यते, बाई!"

झालं, सरपंच ज्योत्स्नाताईंना तोडगा सापडला. पट्टा बांधलेलं कुत्रंच वाळूवर येईल. मोकळं दिसलं तर झाडणाऱ्या बाईनेच हाकलायचं. अनुसयाबाईचा हात सगळ्यात आधी वर गेला. पट्टाच ना, बांधू की! काठच्या गवतातून भुऱ्या तिच्यापुढे हुंगत चालायचा. दोनदा त्यानेच तिला सापापासून अडवलं होतं. त्याच्याशिवाय तिथे पाऊल टाकायची तिची छातीच होत नसे.

सकाळी तिने लुगड्याचा काठ फाडून त्याच्या गळ्यात बांधला. "पाह्य बरं, कसा नवरदेव दिसून राह्यला!"

नवरदेव जागचा हलेना. जन्मात ज्याच्या गळ्याला दोरी लागली नव्हती, तो चारही पाय रोवून बसला. तिने चुचकारलं, भाकर दाखवली, शेवटी ओढलं, तर शेपूट पोटाशी घेऊन जमिनीला चिकटला. गाठ सोडली मात्र, आणि पठ्ठ्या उड्या मारत थेट वाळूवर!

"अनुसयाबाई," भैयाजी दुकानातून ओरडले, "सभेत पयला हात कोणाचा होता वं?"

आठ दिवस हेच. नवव्या दिवशी तिने झाडू उगारला. भुऱ्याला वाटलं, खेळ आहे. मग तिने खरोखरच मारला. एकदाच.

रविवारी वर्ध्याहून एक गाडी आली. लाल पट्ट्याचा गुबगुबीत कुत्रा घेऊन एक मुलगी उतरली.

"मावशी, आमचा टफी चालेल ना आत?"

वाळूच्या वाटेवर आता आडवा बांबू लावला होता. त्याच्या बाहेर, बाभळीखाली भुऱ्या उठून उभा राहिला. अनुसयाबाईने तिकडे पाहिलं नाही.

"चालते ना, माय. पट्टा हाय त्याले," ती म्हणाली आणि तिने बांबू बाजूला सरकवला.